आप्पांचं केंदूरला जाणं

"त्याला उपाय हाय," असं म्हणून आप्पा आधी डब्याचं झाकण लावायचे आणि मग उपाय सांगायचे. दुसऱ्याची अडचण ऐकताना आपण जेवावं, हे त्यांना पटत नसे. मुतखडा असो, मशीनमधून गळणारं ऑइल असो, की घरातलं सासू-सुनेचं भांडण, आप्पांकडे काहीतरी असायचंच. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एकजण असेल. बघा, सगळे त्याला हसतात आणि अडलं की त्याच्याकडेच जातात.

मी सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. आप्पा तिथे फोर्कलिफ्ट चालवायचे. मूळचे केंदूरचे, पण मुलांच्या शाळेसाठी सणसवाडीत खोली करून राहिलेले. एकदा सुपरवायझरची उचकी थांबवायला त्यांनी त्याला ओणवं उभं करून पाणी पाजलं. उचकी थांबली नाही, शर्ट मात्र भिजला. आप्पा शांतपणे म्हणाले, "शर्टालाबी उपाय हाय. उन्हात थांबा."

मग केंदूरला त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा नाहीसा झाला. चांगला विशी ओलांडलेला, नोकरी करणारा. सकाळी कामावर म्हणून निघाला तो परत आलाच नाही. फोन बंद. घरात भांडण झालेलं नाही, काही नाही. आप्पांनी रजा टाकली. पोलीस ठाणं, दवाखाने, मुलाचे मित्र, सगळं पालथं घातलं. दौंड स्टेशनवर त्याला पाहिल्याचं कुणीतरी सांगितलं, तर तिथल्या फलाटांवर त्याचा फोटो दाखवत फिरले. हाताला काही लागलं नाही.

भावाने बोलणं सोडलं. शेवंतीचं रान तसंच पडलं. अंगणात फाटकाकडे तोंड करून तो बसून राही. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी झोप आली, बोलणं आलं नाही.

तेव्हापासून शिफ्ट सुटली की आप्पा केंदूरला जायचे. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटलं, आता आप्पा भावाची समजूत घालतील, मलाही चार शब्द शिकायला मिळतील. ते भावाशेजारी जाऊन बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. दिवसभर ज्यांचं तोंड थांबत नाही, ते आप्पा! मध्येच भाऊच उसळला.

"कशाला येतो रोज? तुझ्यानं पोरगा घावला का? जा तिकडं!"

आप्पा उठले आणि फाटकाबाहेर एका दगडावर जाऊन बसले. मी गोंधळून त्यांच्यामागे गेलो.

"आप्पा, तो हाकलतोय तुम्हाला."

"हाकलू दे की. राग काढाया त्याला दुसरं कोण हाय?"

"पण नुसतं बसून काय होतं?"

"मलाबी न्हाई कळत," ते म्हणाले. "पण घरी बसून काय होतं, तेबी कळत न्हाई."

हे उत्तर होतं की नव्हतं, यावर मी परतताना गाडीवर विचार करत राहिलो.

पुढे एकदा आप्पांना तापाने गाठलं. उभं राहवेना. मला म्हणाले, "जरा केंदूरला सांगून ये, आज यायचं जमत न्हाई म्हणून. तिकडं फोन लागंना."

मी निघालो. केंदूर फाट्यावर भाऊ रस्त्याच्या कडेला उभा होता. पायात चप्पल नाही, डोळे येणाऱ्या गाड्यांवर. घरातून न हलणारा माणूस इथपर्यंत मुलाला शोधत आला, आता याला परत कसं न्यायचं? मी गाडी थांबवली.

"तात्या, पोराचं काही कळलं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "दादा आला न्हाई अजून," तो म्हणाला.

"त्यांना ताप आलाय."

"लय?"

"जरा जास्तच."

तो न विचारता माझ्या गाडीवर मागे बसला.

खोलीत शिरलेल्या भावाला बघून आप्पा धडपडत उठायला लागले. "आरं, नुसता ताप हाय, गोळी घेतलीया, तू कशाला..." भाऊ कॉटवर त्यांच्या पायांपाशी बसला. मग आप्पाही गप्प झाले. दोघांपैकी आजारी कोण आणि बघायला आलेलं कोण, हे मला दारात उभं राहून कळेना.

मला वाटलं, आता फरक पडणार. पुढच्याच आठवड्यात भावाने आप्पांना पुन्हा हाकललं. मुलाचा पत्ता आजही नाही.

गेल्या वर्षी आप्पा रिटायर झाले आणि केंदूरलाच राहायला गेले. परवा मी गेलो, तर अंगण रिकामं. भावाची बायको भांडी घासत होती.

"दोघंबी रानात गेल्यात," ती म्हणाली.

"बोलतात का आता?"

"न्हाई."

"मग रानात करतात काय?"

"काय म्हाईत. आप्पा म्हनले चल, तर हे उठले."

"येतील कधी?"

तिने पदराला हात पुसले, फाटकाकडे एकदा बघितलं. "ते न्हाई सांगता यायचं. बसा."

मी बसलो. आप्पांना काहीतरी विचारायला आलो होतो. काय ते काही केल्या आठवेना.