खांद्याची सावली

ऐंशीच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात साकोलीहून निघालेल्या एस्टीत एक शेतकरी माझ्याशेजारी बसला होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पुडी त्याने मांडीवर तान्ह्यासारखी धरली होती.

"तुरीच्या बियाले चोळाचं जिवाणू खत हाये जी. जिते जीव हायेत, ऊन लागलं का मरतेत. तुमी खिडकीपाशी बसा ना, तुमची सावली पडन."

मी बसलो. रस्ता वळला की ऊन सरकायचं. तो पुडी सरकवायचा, मी खांदा.

"एवढी जपणूक?"

"माही मुरमाड बरड जमीन कईची उपाशी हाये. हे जीव तिले हवेतलं नत्र खाऊ घालतेत."

एका फाट्यावर तो उतरला आणि पुडी सदऱ्याखाली धरून उन्हात विरघळून गेला. अजूनही एस्टीतून फुललेली तूर दिसली, की माझा खांदा आपोआप खिडकीकडे सरकतो.