बांधापलीकडचा डाग

ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासोबत कडेगावजवळ रंगवलेलं जुनं चित्र हाती आलं. त्यात बांधापलीकडे एक फिकट हिरवा डाग आहे. तीसेक वर्षांपूर्वीच्या एका सकाळचा.

मी शेताच्या कडेला बसून ऊस रंगवत होतो. मागे कुणीतरी उभं आहे, हे विडीच्या वासानं कळलं. मिलिटरीचा जुना स्वेटर घातलेला शेतकरी होता.

"भावानं पाठवलंय व्हय तुला?"

"नाही हो, नुसतं चित्र काढतोय."

"मग माझी बाभळ त्याच्या रानात का दावलीस? दावा चाललाय कोर्टात. कागदावर गेली म्हंजी गेली!"

खरंच, चित्र नीट दिसावं म्हणून मीच ती बांधापलीकडे सरकवली होती. ओल्या ब्रशनं पुसून मी बाभळ अलीकडे आणली. त्याची नजर माझ्या हातावरून हलली नाही.

"आता खाली सही कर."

साक्षीदार करतो तशी मी पूर्ण नावानिशी सही केली.

हा किस्सा मी मित्रांना हसून सांगायचो. आज त्या डागावर बोट ठेवलं आणि वाटलं, माझं खोटं इतक्या बारकाईनं नंतर कुणीच पकडलं नाही.