कोन? कुटनं? कुनी धाडलं?

तुंगार्लीतल्या त्या बंगल्याचं फाटक तो सांभाळणाऱ्या मावशी तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय उघडत नसत. "कोन? कुटनं? कुनी धाडलं?" एकदा खुद्द मालक नव्या गाडीतून आले, तर भर पावसात त्यांनाही काच खाली करून तोंड दाखवावं लागलं. मालक हसले. मावशी नाही हसल्या.

मला त्या 'बीकॉम' म्हणायच्या. कुसगावच्या हॉटेलात मी काउंटरवर होतो, तिथून या बंगल्यावर पाहुणे पाठवायचो, तेव्हापासूनची ओळख. मावशी चौथी पास, मी पदवीधर, आणि हा फरक मी त्यांना अधूनमधून जाणवूनही द्यायचो. काय म्हणावं मला!

हॉटेल बंद पडलं आणि मी चार महिने घरी बसलो. अशात मोबाइलवर मेसेज आला: घरबसल्या टायपिंग, महिना चाळीस हजार. मुलाखत नाही, परीक्षा नाही, थेट निवड. माझी गुणवत्ता अखेर कुणाला तरी दिसली, म्हणून मी आळीत पेढेसुद्धा वाटले. फक्त अठरा हजार अनामत भरायची होती, तीही त्याच दिवशी पाचच्या आत. खात्यात तेवढेच होते, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले. बायकोला बोललो नाही; पहिला पगार तिच्या हातात ठेवून तिला चकित करणार होतो ना!

घरी नेटला रेंज नसायची, म्हणून पैसे पाठवायला बंगल्याच्या वायफायवर गेलो. मावशी पायरीवर लसूण सोलत होत्या. मी ऐटीत नोकरीचं सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सायेब कोन? कुटला? तुला कुनी धाडलं त्याच्याकडं?"

"मावशी, हे ऑनलाइन असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"व्हय, मला न्हाई कळत. पर भाताच्या आवणीला बाया सांगायला मालक दारात येतो, वर उचल देतो. ह्यो कसला मालक, कामाआधी मजुराकडनंच पैसं मागतो? लाव फोन."

लावला. मावशी स्पीकरवर म्हणाल्या, "सायेब, अठरा हजार पयल्या पगारातनं कापून घ्या की." तसा नियम नव्हता म्हणे. "मंग हापिस कुटं ते सांगा, बीकॉम उद्या हातात आनून देतो." फोन कट.

आणि मी? मावशींवरच भडकलो. "माझी नोकरी घालवलीत!" म्हणत पायरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन साहेबांना मेसेज केला: 'क्षमस्व, आमच्या मावशी अडाणी आहेत.' साहेब दिलदार, लगेच माफी दिली. फक्त अनामत आता पंचवीस हजार झाली होती, दंडासकट. तेव्हा कुठे या पदवीधराची ट्यूब पेटली. मावशींनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

मुलीची फी वेळेवर भरली गेली. पुढे मावशींचे गुडघे थकले, त्या मळवलीला लेकाकडे निघाल्या. जाताना मालकांना म्हणाल्या, "बीकॉमला ठेवा. येडा हाय, पर आता शिकलाय." आणि किल्ल्या माझ्या हातात आल्या. मालकांनी पहिल्याच दिवशी उचल दिली.

परवा फाटकाशी काठी वाजली. मावशी! मी धावत जाऊन कडी काढली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"इचारलं न्हाईस?"

मी फाटक पुन्हा लावलं आणि विचारलं, "कोण? कुठनं? कुणी पाठवलं?"

"मळवलीची म्हातारी हाय," त्या म्हणाल्या. "कुनी न्हाई धाडलं. तुझी आठवन आली, म्हनून आले."