तेरा पंचावन्नांश आणि माझं लग्न

माझं लग्न पत्रिकेवर नाही, अपूर्णांकावर जुळलं. मामाला घेऊन मनीषनगरात मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तिचे वडील गणिताचे मास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. शाळा सुटली होती, परीक्षा घ्यायची खोड सुटली नव्हती. माझी पत्रिका त्यांनी उघडलीही नाही. एक कागद पुढे सरकवला. त्यावर ०.२३६३६३६... आणि पुढचे छत्तीस पार चंद्रापर्यंत गेलेले.

"याचा अपूर्णांक करा. नाही जमलं तर पोहे खा अन् निघा."

मुलगी मला पाहताक्षणी आवडली होती, त्यामुळे पोह्यांना मी हातच लावला नाही. त्यात मी इंजिनिअर. गेल्या आठ वर्षांत साधी बेरीजसुद्धा कॉम्प्युटरनं केलेली. तरी नववीतलं आठवलं. क्ष मानायचं, दहानं गुणायचं, मूळ क्ष वजा करायचं. ऐटीत केलं. उत्तर आलं २.१२७२७२७... जुनं शेपूट जायचं सोडून नवंच फुटलं!

"काहून जी, शेपूट काहून गेलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"जाऊन राहिलं, सर."

मामा कानाशी लागला. "पाव सांगून दे गा! स्वयंपाकात चालते तेवढं."

मी पुन्हा दहानंच गुणलं. इतका घाम आला, की फुटाळा तलाव ओसंडला असता. तेवढ्यात पोह्यांवर तर्री वाढायला आलेली मुलगी कागदात डोकावली.

"अहो, परत परत येणारे आकडे दोन आहेत ना? मग शेपटं सारखी करा. एकदा दहानं गुणा, एकदा हजारानं. मग वजाबाकी."

हजार क्ष म्हणजे २३६.३६३६..., दहा क्ष म्हणजे २.३६३६... वजा करताच दोन्ही शेपटं कचकन तुटली. नऊशे नव्वद क्ष बरोबर दोनशे चौतीस. भागत भागत आलो, तेरा पंचावन्नांश! मी असा ओरडलो, की समोरच्या तीन बिल्डिंगा गॅलरीत आल्या.

"कॉपी केली," मास्तर म्हणाले. "पोरीनं सांगितलं. नापास!"

मुलीनं तर्रीचं भांडं खाली ठेवलं. "बाबा, यांच्या आधी पाहायला आलेलेही इथंच अडकले होते. त्यातल्या एकाले तरी मी सांगितलं होतं का?"

मास्तरांनी कागद आपल्याकडे ओढला. मग लाल पेन काढून खाली लिहिलं, 'रीत मुलीची, अक्षर मुलाचं. पास.' आणि मामाकडे वळले, "तारीख कोणती धरून राहिले, बोला."