निळ्या डागाचा दगड

आमच्या फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, गावात बोर्गिल्डला टरकून नसलेला माणूस दाखवा. नोनशोर्न डोंगराची पायवाट तिची. म्हणजे तशी कुणाचीच नाही, पण उन्हाळा तोंडावर आला की लाल रंगाचा डबा घेऊन वाटेतल्या खडकांवरच्या खुणा ताज्या करायच्या ती आणि तिचा नवरा माग्नार यांनीच. डोंगर तसा बुटका. पाच-सहा वर्षांचं पोरसुद्धा डब्यातला पाव खात खात माथ्यावर पोचतं. पण धुकं उतरलं की हाच डोंगर जिवावर उठतो.

हल्ली पाहुण्यांनी नवं खूळ काढलंय. बसतील तिथे दगडांची लगोरी रचायची, फोटो काढायचा आणि चालू पडायचं. एका साली धुक्यात एक जोडपं या लगोऱ्यांनाच वाटेच्या खुणा समजलं आणि पार कड्यापाशी गेलं. माग्नारचं कुत्रं भुंकलं म्हणून जोडपं वाचलं बिचारं. तेव्हापासून बोर्गिल्डचा नेम ठरला. माथ्यावरची जुनी रास तेवढी खरी, बाकी दिसेल ती लगोरी लाथेने उडवायची. "हिला पोलिसात भरती करा कुणीतरी," असं माग्नार म्हणायचा, पण पाडायला तोही पुढे असायचा.

भर थंडीत माग्नार गेला. लेक सिनोवे ऑस्लोहून आली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. मग फोन यायचे, त्यात हवापाण्याच्या गोष्टी. बाप गेल्याचं पोरीला काहीच नाही, हे बोर्गिल्डच्या मनात घट्ट बसलं. लेकीला तिने तोंडावर कधी विचारलं नाही, कुंपणापाशी शेजारणींना मात्र ऐकवलं.

जूनमधल्या एका रविवारी सिनोवे आपल्या छोट्या मुलीला, टीरिलला घेऊन आली आणि तिघी नोनशोर्नला निघाल्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घरचा दगड नेतात आणि माथ्यावरच्या राशीत ठेवतात. बोर्गिल्ड दोघींना आधी होडीच्या खोपटाशी घेऊन गेली. माग्नार दर वर्षी होडीला निळा रंग द्यायचा आणि ब्रश पुसायचा किनाऱ्यावरच्या दगडांना. त्यासाठी बोर्गिल्डची बोलणी त्याने जन्मभर खाल्ली. टीरिलने त्यातलाच एक डागाळलेला दगड शोधून खिशात टाकला. बोर्गिल्डनेही एक उचलला.

"तू घे की," ती लेकीला म्हणाली.

"मला नको," सिनोवे म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून चालायला लागली. ते शब्द बोर्गिल्डला फार लागले. एक दगड उचलायचेही कष्ट नकोत या पोरीला, असं घोकतच ती वर चढत राहिली.

बर्चची झाडं संपून उघडा खडक लागला. शिल्लक राहिलेल्या बर्फाच्या तुकड्यावर टीरिल घसरगुंडी खेळायला लागली, म्हणून सिनोवे मागे थांबली. बोर्गिल्ड एकटीच सोंडेवर पोचली. तिथे वाटेपासून जरा कड्याच्या बाजूला सपाट शिळा आहे. त्या शिळेवर होती एक लगोरी, चांगली गुडघ्याएवढी. आधीच डोकं तापलेलं, त्यात हे. बोर्गिल्डने दिली सणसणीत लाथ.

दगड चहूकडे उडाले. एक मात्र गडगडत तिच्या बुटापाशी येऊन थांबला. त्याच्यावर निळा डाग होता.

तिने खिसा चाचपला. तिचा दगड खिशातच होता. टीरिलचा टीरिलपाशी. तेवढ्यात सिनोवे वर आली, विखुरलेल्या दगडांकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"मी ठेवला होता," ती म्हणाली. "ईस्टरला आले होते. वर बर्फ फार होता, पुढे जाता येईना. बाबा इथेच बसून संत्री सोलायचे ना आपल्याला."

"ईस्टरला आलीस? आणि घरी नाही आलीस?"

"खालच्या वळणावर गाडी लावून बसले होते. तुझ्या स्वयंपाकघरात दिवा दिसत होता. तुझ्यासमोर रडायची भीती वाटली, आई. बाबांना पुरून आलो त्या दिवशी मी रडत होते, आणि तू म्हणालीस, कप धुवून घे. तुझ्या डोळ्यांत एक टिपूस नाही. मला वाटलं, तुला काहीच झालं नाहीये."

बोर्गिल्ड शिळेवर बसली. दोघी एकमेकींबद्दल एकच गोष्ट मनात धरून बसल्या होत्या. काय म्हणावं या मायलेकींना.

मग ती गुडघे टेकून खाली उतरली आणि दगड गोळा करून एकावर एक ठेवायला लागली. दगड काही केल्या ठरत नव्हते.

"आजी, इथे रचायचं नसतं," टीरिल म्हणाली. "तूच सांगितलंस."

बोर्गिल्डने ऐकलं नाही. शेवटी सिनोवेने तिचा हात धरला. "राहू दे, आई. बाबांनीच पाडली असती. वर मला चार गोष्टी सुनावल्या असत्या."

"सुनावल्या असत्या खऱ्या," बोर्गिल्ड म्हणाली, आणि निळ्या डागाचा दगड तिने लेकीच्या हातात ठेवला. बाकीचे तिघींनी मिळून आजूबाजूला पसरून टाकले.

माथ्यावर वारा होता. तिन्ही दगड राशीत शेजारी शेजारी बसले. टीरिल फ्योर्डमध्ये आजोबांची होडी दिसते का ते बघत होती. बोर्गिल्डने सवयीने थर्मास काढला, कप मांडले, झाकण फिरवलं. मग थर्मास तसाच खाली ठेवला आणि लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून ती ढसाढसा रडली, टीरिलदेखत, वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. कितीतरी वेळ रडत होती.

कॉफी त्या दिवशी सिनोवेने ओतली.