फटफटीचं घराणं

अंतरवाली सराटीचे काकासाहेब कुठल्याही नव्या गोष्टीचे आधी पाव्हणे विचारतात. माणूस असेल तर गाव, आडनाव, मामाचं गाव. सोयरिकी जुळवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, त्यामुळं ही सवय अंगात मुरलेली. पण बाजारात सोयाबीनचं नवं बियाणं आलं तरी ते दुकानदाराला विचारतात, "कंपनी कोणाची? हे लोक आधी काय करायचे?" दुकानदाराला ठाऊक नसतं. काकासाहेबांना त्याचं खरोखर नवल वाटतं. पाव्हणे माहीत नसताना माल दुकानात घेतलाच कसा, हा त्यांचा प्रश्न.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी वडीगोद्रीच्या रामप्रसादांच्या शीतलसाठी एक स्थळ आणलं. रामप्रसादांचं हायवेला ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. शीतल बी.एस्सी. झालेली, दुकानाचा निम्मा कारभार तीच बघते. मुलगा घनसावंगीकडचा, नाव माऊली, बारामतीला एका कारखान्यात नोकरीला. घरी थोडा ऊस, थोडी कपाशी. पत्रिका जुळली, पाव्हणे जुळले. माऊली एका मित्राला मागं बसवून मुलगी बघायला आला तो मोटारसायकलवर.

रामप्रसाद ओट्यावरून रस्त्याकडं बघत होते. त्यांना वाटलं होतं, पोरगा कारनं येईल.

पोहे झाले, बोलणं झालं. निघताना माऊली मोटारसायकलीवरून हात फिरवत म्हणाला, "मामा, ही साधी न्हाई. इटलीच्या कंपनीची हाये. एप्रिलिया."

"इटलीच्या कंपनीची आणायचीच होती तर कार आणायची की," रामप्रसाद म्हणाले. "फटफटी ती फटफटी."

पोरगा हसला, पण त्याचे कान लाल झाले. तो गेल्यावर शीतल चहाचे कप उचलायला आली आणि काकासाहेबांजवळ थांबली. "काका, मला पसंत हाये," ती म्हणाली. "बाबांचं तुम्ही बघा."

रामप्रसादांचं म्हणणं सरळ होतं. पोरगं चांगलं आहे, पण भावकीत काय सांगायचं, फटफटीवाल्याला पोरगी दिली म्हणून? काकासाहेबांनी थोडा विचार केला. "रामप्रसाद, आपल्याकडं फटफटीला मान न्हाई, हे बराबर. पर इटलीत तिला काय मान हाये ते तरी बघू."

"बघा. कारच्या बरोबरीची निघाली तर मी एक शब्द बोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी काकासाहेब माझ्याकडं आले. मी निवृत्तीनंतर अंतरवालीतच राहिलो आहे आणि फोनवर काहीबाही वाचत बसायची मला सवय आहे. "गुरुजी," ते म्हणाले, "इटलीतली कारची घराणी अन् फटफटीची घराणी काढा. कोणाची कोणाशी बरोबरी, ते मला पायजे."

मी वाचायचो, ते ऐकायचे, आणि मध्येच मला थांबवून प्रश्न विचारायचे. फियाटबद्दल त्यांना काही सांगावं लागलं नाही. आपल्याकडंही ती गाडी एके काळी टॅक्सीला आणि डॉक्टरांच्या दारात असायची. "हे सगळ्यांचं घर," ते म्हणाले. "फटफटीत ह्याच्या जोडीला कोण?" मी व्हेस्पा स्कूटर सांगितली. युद्ध संपल्यावर गरीब झालेल्या देशाला तिनं कामावर नेलं-आणलं. काकासाहेबांनी मान हलवली. ती जोडी पटली.

फेरारी आणि डुकाटी ही दुसरी जोडी. दोन्ही लाल, दोन्ही शर्यतीतल्या, आणि दोघींच्या गावांत अंतर इथून जालन्याएवढं. "एका शिवारातले लोक," काकासाहेब म्हणाले. "डुकाटी आधी काय करायची?" रेडिओचे भाग बनवायची, मी वाचून दाखवलं. मग लँबॉर्गिनी निघाली. ही आधी ट्रॅक्टर बनवायची, हे ऐकून ते खाटेवरून उठून उभेच राहिले.

"ट्रॅक्टर? म्हंजे आपल्यातलेच."

"आणि आता डुकाटी ह्या लँबॉर्गिनीच्या घरात आहे," मी म्हणालो. "त्या दोघींचा मालक मात्र जर्मन."

"म्हंजे दत्तक गेले," काकासाहेब म्हणाले. मोटो गुझी ह्या फटफटीचं बोधचिन्ह गरुड आहे, कारण ती काढणारे मित्र नौदलाच्या विमानदळातले होते आणि त्यांच्यातला एक वैमानिक कंपनी निघायच्या आधीच मरण पावला होता, हे मी वाचून दाखवलं. त्या घराण्याला त्यांनी कारची जोडीच लावली नाही. "त्यांचं राहू द्या," म्हणाले.

एप्रिलिया शेवटी काढली. आधी सायकली बनवणारं घर, मग मोटारसायकली, मग शर्यतींत नाव. आता पियाजो नावाच्या घराण्यात सामील. व्हेस्पा ह्याच घराण्याची. आणि आपल्या रस्त्यांवर धावणारी आपे रिक्षाही.

"आपे?" काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, हे रामप्रसादला कसं सांगू?"

त्याच पियाजो घराण्यात मला आणखी एक गोष्ट सापडली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी त्या घरातली मुलगी फियाटवाल्यांच्या घरात दिली होती. काकासाहेबांचा चेहरा एकदम उजळला. आयुष्यभर जे शोधलं तेच इटलीत निघालं होतं. "नांदली का बराबर?" त्यांनी विचारलं. मी पुढं वाचलं. काही वर्षांनी दोघं विभक्त झाले होते.

इथं काकासाहेबांची एक रीत सांगायला हवी. स्थळ सांगताना दोन्हीकडची खोड ते स्वतःच्या तोंडानं सांगतात, कोणी विचारायच्या आत. त्यापायी त्यांच्या हातून जुळत आलेल्या सोयरिकी गेल्या आहेत, पण एकदा जुळवलेल्या सोयरिकीत फसवलं असं म्हणत त्यांच्या दारात कोणी आलं नाही.

आम्ही दोघं वडीगोद्रीला गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शीतल पाइपांचे बंडल लावत होती. काकासाहेबांनी एकेक जोडी मांडली. ट्रॅक्टरवाल्याचं ऐकून रामप्रसाद सरसावून बसले. फेरारी-डुकाटीलाही त्यांनी हरकत घेतली नाही.

"अन् आपल्या पोराची?"

"ती पियाजोची. व्हेस्पाच्या घरातली." काकासाहेबांनी बाहेर रस्त्याकडं बघितलं. "अन् आपेच्या."

बाहेरून नेमकी एक आपे गेली. आत माणसं, टपावर कडब्याच्या पेंढ्या. रामप्रसाद इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. "काकासाहेब, ह्या पाव्हण्यांना मी रोज हात दाखवून थांबवतो."

"हसा. पर त्याच घरातली पोरगी फियाटवाल्यांनी सून म्हणून नेली."

रामप्रसादांचं हसू थांबलं. "कारवाल्यांनी?"

"कारवाल्यांनी."

"म्हंजे बरोबरी झाली म्हणायची." ते खुर्चीत मागं टेकले. एवढ्यावर सगळं संपलं असतं. मी काकासाहेबांकडं बघितलं. ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवत होते.

"पर ते लग्न टिकलं न्हाई, रामप्रसाद. मोडलं."

"मंग हे सांगायची काय गरज होती?"

"पुढं दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं, मंग?"

रामप्रसाद माझ्याकडं वळले. "कशानं मोडलं, गुरुजी?"

"ते कुठं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

शीतलनं हातातलं बंडल खाली ठेवलं. "बाबा, त्या नवऱ्याच्या दारात कार होती ना?"

"होती म्हंजे? कारखानाच होता."

"तरी मोडलं," ती म्हणाली आणि पुन्हा बंडल उचलून लावायला लागली.

हायवेवरून एक ट्रक गेला, मग दुसरा. रामप्रसादांनी गल्ल्यावरची धूळ तळहातानं पुसली, पुसून झालेलीच पुन्हा पुसली. मग काकासाहेबांपुढं हात केला. "फोन लावा पोराला."

माऊलीनं लगेच उचलला. रामप्रसादांनी तब्येत विचारली, हवा विचारली. "आई-वडलांना घेऊन या एकदा. ते कशानं येतील?"

"बसनं, मामा. अंबडला उतरून पुढं मिळंल त्यानं."

"बसनं नको. मी बोलेरो पाठवतो घनसावंगीला." फोन कानाशी धरून ते क्षणभर थांबले आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "तू मात्र तुझ्या फटफटीवरच ये. परवा रागात नीट बघायची राह्यली."