टॅब धरणाऱ्या सिस्टर

तलासरीच्या कोविड वॉर्डात त्या सिस्टरच्या हातात एकच टॅब असायचा. मुंबईतले मोठे डॉक्टर रोज तासभर त्यावर यायचे आणि सिस्टर त्यांना खाटेखाटेवर फिरवायच्या. आमच्याकडचा माणूस मोठ्या डॉक्टरसमोर तक्रार करत नाही. धाप लागलेली असली तरी "बरा आहे, साहेब" म्हणतो. सिस्टर ते ऐकून घ्यायच्या आणि टॅब तोंडावरून खाली छातीवर न्यायच्या. "सर, बोलणं सोडा. बरगड्या बघा."

माझा भाऊ तिथेच दाखल होता. मी घोलवडचा चिकूचा व्यापारी, घासाघीस केल्याशिवाय काही सोडत नाही. खिडकीतून ओरडलो, "सिस्टर, आधी माझ्या भावाकडे न्या!"

"शेठ, तुमचा भाऊ सकाळपासून माझ्याशी भांडतोय. भांडायला श्वास लागतो," असं म्हणून त्या उधवा गावच्या एका गप्प मजुराकडे वळल्या.

भावाची पाळी येण्याआधी रेंज गेली. संध्याकाळी तो ढासळला आणि पहाटे गेला. मजूर वाचला. सिस्टरचं बरोबरच होतं, असं सगळे म्हणतात. म्हणोत.

आता त्या डहाणूच्या बाजारात भेटतात. मी दरवेळी वाट अडवून विचारतो, "टॅब आधी त्याच्याकडे नेला असता, तर तो वाचला असता का?"

"माहीत नाही, शेठ."

"अहो, नसता वाचला, एवढं तरी म्हणा. खोटं का होईना, म्हणा."

त्या पिशवी दुसऱ्या हातात घेतात, पण नजर चुकवत नाहीत.

"माहीत नाही."